उन्हाळ्यातील बागकाम आणि शरीराची उष्णता

काशी येथे दशाश्वमेध व शीतला या घाटांच्या लगत दक्षिणेस अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी ही जागा केवलगिरी घाट या नावाने ओळखली जात असे. इंदूरच्या अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी तेथे पक्का दगडी घाट बांधविला आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. विश्वनाथाच्या मंदिराची पुन्हा उभारणी करणाऱ्या, आणि देशभर विहिरी, धर्मशाळा व रस्त्याकडेची झाडे यांसाठी स्मरणात राहिलेल्या या राज्यकर्तीच्या चरित्रात घाटाचे जे स्थान आहे ते निराळे. येथे मात्र या पायऱ्यांचा उपयोग शरीरशास्त्रातील एक साधा प्रश्न समजून घेण्यासाठी करावयाचा आहे. तो प्रश्न असा : भर उन्हाळ्यात बागेत राबणे हा व्यायाम म्हणता येईल काय, आणि म्हणता येत असेल तर त्याची किंमत शरीराला कोणत्या रूपाने द्यावी लागते?

हा प्रश्न केवळ हौशी बागवानापुरता नाही. आपल्याकडील बागेचे सर्वांत जड काम नेमके सर्वांत उष्ण महिन्यात येते. पावसाळ्यात कलमे लावावयाची तर त्यांचे खड्डे वैशाखात खणून ठेवावे लागतात. ते काही आठवडे उन्हात तापले म्हणजे मातीतील किडी व त्यांची अंडी बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. युरोपातील बागवान उन्हाळ्यात गवत कापतो आणि फुले खुडतो. खोदकाम त्याने शरदात किंवा वसंतात उरकलेले असते. त्यामुळे तिकडील पुस्तकांत उन्हाळी बागकामाची जी आल्हाददायक वर्णने आढळतात, ती गंगेच्या काठी किंवा विदर्भात जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

प्रथम कामाचे मोजमाप पाहू. घाटाच्या माथ्यावरील एखाद्या घराच्या अंगणात तुळस, मोगरा व काही भाजीपाला आहे आणि त्यासाठी पाणी नदीतून घागरीने आणले जाते, अशी कल्पना करावी. माणसाचे वजन ५५ किलोग्रॅम व भरलेल्या घागरीचे १५ किलोग्रॅम धरले, आणि उन्हाळ्यात ओसरलेल्या पाण्यापासून अंगणापर्यंतचा चढ १५ मीटर मानला, तर एका खेपेत ७० किलोग्रॅम वजन १५ मीटर उंच नेले जाते. हे काम १,०५० किलोग्रॅम-मीटर झाले. एक उष्मांक म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविणारी उष्णता. तिची बरोबरी सुमारे ४२७ किलोग्रॅम-मीटर कामाशी होते, असे एकोणिसाव्या शतकात जूल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या प्रयोगांपासून सिद्ध होत आले. म्हणजे पाण्याची एक खेप जेमतेम अडीच उष्मांकांची ठरते.

एवढ्याशा कामासाठी माणसाला धाप का लागावी? कारण स्नायू हे काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या शक्तीपैकी, जिना चढण्यासारख्या कामातही, फार तर एक चतुर्थांश किंवा पंचमांश प्रत्यक्ष कामी लागते. उरलेली सर्व उष्णतेच्या रूपाने शरीरातच प्रकट होते. अडीच उष्मांकांच्या खेपेसाठी शरीर दहा ते बारा उष्मांक खर्च करते आणि त्यांपैकी आठ-नऊ उष्मांकांनी स्वतः तापते. थंडीच्या दिवसांत हीच उष्णता सुखाची वाटते. वैशाखात ती बाहेर टाकणे हेच मुख्य काम होऊन बसते आणि पाणी वाहणे दुय्यम ठरते.

खोदकामाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पेरू किंवा लिंबासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी ६० सेंटिमीटर असा खड्डा खणला तर त्यातून सुमारे तीनशे किलोग्रॅम माती निघते. ती सरासरी ८० सेंटिमीटर उचलून काठावर टाकावी लागते असे धरले तरी काम केवळ २४० किलोग्रॅम-मीटर होते, म्हणजे अर्ध्या उष्मांकाहून थोडे अधिक. परंतु दर वेळी तीन किलोग्रॅम माती फावड्यात घेतली तर शंभर वेळा वाकावे लागेल, आणि प्रत्येक वाकण्यात माणूस स्वतःचे डोके, हात व धड मिळून पस्तीस-एक किलोग्रॅम वजन खाली नेतो आणि पुन्हा तीसेक सेंटिमीटर वर आणतो. याचा हिशेब पुन्हा १,०५० किलोग्रॅम-मीटर येतो! खणणारा माणूस मातीपेक्षा स्वतःलाच चौपटीहून अधिक उचलीत असतो. घागर घेऊन घाट एकदा चढण्याइतके काम तो जागच्या जागी वाकण्यात करून टाकतो. शिवाय कुदळ उगारणे व कठीण माती फोडणे यांचा खर्च वेगळाच. वाकलेल्या स्थितीत पाठीचे स्नायू ताठ ठेवण्यात बाहेरून काहीच काम घडत नाही, पण शक्ती मात्र सतत जळत राहते. म्हणूनच अर्धा तास खोदणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाचा खर्च १३० ते १४० उष्मांकांच्या घरात जातो आणि त्यातील बहुतेक भाग उष्णताच असतो.

हा हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यातून निघणारा बोध व्यवहारात उपयोगी पडतो. आपल्या फावड्याचा दांडा आखूड असतो व पाते दांड्याशी काटकोनात वळलेले असते; त्यामुळे वाकणे अटळ होते. दांडा लांब बसविला, गुडघे वाकवून काम केले आणि पहारीने माती आधी सैल करून घेतली, तर तोच खड्डा बऱ्याच कमी श्रमात होतो. पाठीचे दुखणे टळते हा आणखी एक लाभ. ज्याला व्यायामच हवा आहे त्याला श्रम कमी करण्याचा हा उपदेश विचित्र वाटेल. परंतु व्यायाम पायांच्या व खांद्यांच्या मोठ्या स्नायूंना व्हावा, कमरेच्या मणक्यांना नव्हे.

बागेतील सर्वच कामे व्यायामाच्या दृष्टीने सारख्या मोलाची नसतात. स्वस्थ बसलेला माणूस जितकी शक्ती खर्च करतो तिला एक एकक मानले, तर रबरी नळीने झाडांना पाणी घालण्यास दीड-दोन एकके, खुरपणी व निंदणी यांस साडेतीन ते साडेचार आणि खोदकामास पाच किंवा अधिक एकके लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम प्रतीचा व्यायाम सुचविला आहे. मध्यम प्रत म्हणजे सामान्यतः तीन ते सहा एकके. यावरून खुरपे आणि कुदळ यांची गणना व्यायामात निश्चित होते. हातात नळी घेऊन उभे राहणे बागेला हितकारक असेल. व्यायाम म्हणून त्याची किंमत थोडी.

आता उष्णता बाहेर कशी जाते ते पाहावयाचे. ५५ किलोग्रॅम वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ४६ उष्मांक पुरतात. खोदताना दर मिनिटास चार उष्मांक उष्णता निर्माण होत असेल आणि ती बाहेर टाकण्याची वाट पूर्ण बंद झाली असेल, तर अकरा-बारा मिनिटांत ३७ अंशांचे शरीर ३८ वर, तासाभराच्या आतच ४१ अंशांवर जाऊन पोहोचेल. प्रत्यक्षात असे सहसा घडत नाही, कारण त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त आतील उष्णता त्वचेकडे वाहून आणते आणि तेथून ती हवेत जाते. परंतु उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. काशीत मे महिन्यात दुपारची हवा ४० अंशांच्या वर असणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी हवा शरीराची उष्णता घेत नाही. उलट ती शरीराला देऊ लागते. वारा सुटला की बरे वाटेल ही अपेक्षाही मग खोटी ठरते. ४३ अंशांचा वारा भट्टीच्या तोंडाशी येणाऱ्या झळीसारखा अंग अधिकच तापवितो.

मग उरतो तो एकच मार्ग : घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर तो सुमारे ५८० उष्मांक उष्णता बरोबर नेतो. घागरीच्या दहा खेपांतील सर्व उष्णता घालविण्यास जेमतेम दीडशे मिलिलिटर घाम पुरावा, इतके हे साधन प्रभावी आहे. निसर्गात माणसाइतका मुक्तपणे घाम गाळणारे प्राणी फार थोडे. कुत्रा धापा टाकतो, म्हैस चिखलात बसते. मात्र या योजनेत एक अट आहे. घामाची वाफ झाली पाहिजे. कपाळावरून निथळून मातीत पडलेला थेंब शरीराचे पाणी व मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र मागेच ठेवतो.

येथे काशी आणि कोकण यांतील भेद स्पष्ट होतो. एप्रिल व मे महिन्यांत काशीवर पश्चिमेकडून कोरडा तप्त वारा वाहतो. हिंदी प्रदेशात त्याला 'लू' म्हणतात. या हवेत घाम त्वचेवर येताच उडून जातो. अंग कोरडेच राहते, आणि आपल्याला घाम येतच नाही अशा समजुतीने माणूस पाणी पिण्यास विसरतो. वस्तुतः कष्ट करणारा माणूस अशा हवेत तासाला लिटरभर पाणी गमावीत असतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथील उन्हाळा याच जातीचा. रत्नागिरीत किंवा मुंबईत तापमापकाचा पारा कितीतरी खाली असतो, पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्यावर चालणारे कूलर नागपुरात खोली गार करतात आणि मुंबईत निरुपयोगी ठरतात, त्याचेही कारण हेच. पहिल्या प्रकारच्या हवेत शरीराला पाण्याची तूट भोवते, दुसऱ्या प्रकारात उष्णतेची कोंडी. काशीला दोन्ही अनुभव येतात : जूनमध्ये पूर्वेकडील दमट वारा सुरू झाला म्हणजे पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि तरीही काम करणे अधिक कठीण होते.

शाळेतील विद्यार्थ्यांना हे पडताळून पाहणे अवघड नाही. दोन सारखे तापमापक शेजारी टांगावेत आणि एकाच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. कोरड्या हवेत ओला तापमापक कोरड्याहून पुष्कळ खाली उतरतो. दमट हवेत दोन्ही जवळजवळ येतात. दोहोंतील अंतर म्हणजे घामाला मिळणाऱ्या संधीचेच माप होय. ओल्या तापमापकाचा आकडा तिशीच्या वर चढू लागला की अवजड काम थांबविणे शहाणपणाचे.

हवेबरोबर उन्हाचाही विचार केला पाहिजे, आणि त्यासाठी पुन्हा अहिल्याबाई घाटावर यावे लागेल. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि नगर तिच्या पश्चिम तीरावर वसले आहे. सर्व घाट त्यामुळे पूर्वाभिमुख आहेत. सूर्य उगवताच त्याचे किरण पलीकडच्या वाळवंटावरून सरळ पायऱ्यांवर येतात. सकाळी येथे सावली शोधून सापडत नाही. दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो क्षितिजापासून ८८ अंशांवर येतो व माणसाची सावली पायांशीच गोळा होते. त्यानंतर तो पश्चिमेकडे कलला की माथ्यावरील उंच इमारतींची सावली हळूहळू पायऱ्या उतरू लागते. यावरून सायंकाळची वेळ श्रमास उत्तम असे अनुमान कोणी काढील. ते बरोबर नाही. दिवसभर ऊन खाल्लेला दगड सावलीत आल्यावरही तास-तास उष्णता बाहेर टाकीत राहतो, आणि हवेचा पारा दुपारी अडीच-तीनच्या सुमारास शिखर गाठून सायंकाळी सावकाश उतरतो. दिवसातील सर्वांत थंड घटका सूर्योदयाच्या आसपासचीच असते. कुदळीचे काम पहाटे, पाणी घालण्याचे सायंकाळी, हीच वाटणी येथे योग्य. पाण्याच्या दृष्टीनेही ती बरी, कारण सायंकाळी घातलेले पाणी रात्रभर मुळांना मिळते.

घड्याळाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून धरली आहे ते साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त काशीजवळच्या मिर्झापूरनजीक जाते. त्यामुळे काशीतील घड्याळ सूर्याशी जवळजवळ जुळते. मुंबईत मात्र मध्यान्ह घड्याळाच्या साडेबारानंतर होते. मेच्या मध्यास काशीत सूर्य सव्वापाचच्या आधीच उगवतो, मुंबईत सहा वाजून गेल्यावर. मुंबईचा किंवा पुण्याचा माणूस काशीस जाऊन सवयीप्रमाणे सातला बागेत उतरला तर तेथे पावणेदोन तासांचे ऊन आधीच चढलेले असते. 'आठपर्यंत काम करावे' असा नियम सर्व देशाला एकच लावणे म्हणूनच चुकीचे. सूर्योदयापासून मोजावे, घड्याळापासून नव्हे.

या सर्व गोष्टी पुस्तकांत येण्यापूर्वी एका वर्गाला अनुभवाने ठाऊक होत्या. काशी हे आखाड्यांचे नगर आहे. अहिल्याबाई घाटाच्या दक्षिणेस तुळसीघाटावर जुना आखाडा आहे, आणि नगरात असे आणखी पुष्कळ आहेत. तेथील मल्ल कुस्तीपूर्वी आखाड्याची माती फावड्याने खणून खालीवर करतात. पडणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून माती मऊ ठेवणे हा त्यातील एक हेतू. परंतु खणणे हे जोर, बैठका व मुद्गल यांच्याप्रमाणेच अंगमेहनतीचे एक अंग मानले जाते. कोल्हापूरच्या तालमींतही हौद्यातील तांबडी माती अशीच खोरली जाते आणि तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घातले जाते. मल्लाचे हे खणणे आणि माळ्याचे खणणे यांत स्नायूंच्या दृष्टीने काही भेद नाही. भेद आहे तो वेळेचा व जागेचा : मल्ल पहाटे खणतो, झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत खणतो, आणि त्याची माती पाणी शिंपून ओलसर ठेवलेली असते. श्रम तोच, उष्णतेचा भार मात्र कितीतरी कमी.

श्रम आणि व्यायाम यांना निराळे समजण्याची चाल शिक्षित समाजात पडली, तिला महाराष्ट्रातील एका प्रयोगाने उत्तर दिले. विनोबा भावे १९१६ साली गृहत्याग करून काशीस आले, तेथे संस्कृत ग्रंथांचे अध्ययन करीत राहिले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात गांधीजींच्या अहमदाबादेतील कोचरब आश्रमात दाखल झाले. पुढे वर्ध्याजवळील पवनारच्या परंधाम आश्रमात त्यांनी १९५० साली बैलांवाचून, केवळ माणसांच्या हातांनी व कुदळी-फावड्यांनी शेती करण्याचा उपक्रम केला. त्याला त्यांनी 'ऋषिशेती' असे नाव दिले. त्यामागील विचार आर्थिक व नैतिक होता. शरीरशास्त्राचा पाठ देणे हा नव्हता. तरीही अध्ययनात काळ घालविलेली माणसे विदर्भाच्या हवेत खोदकामाला उभी राहू शकतात, एवढे त्यातून दिसले.

ती कशी उभी राहतात, याचे उत्तर सवयीत आहे. उष्णतेत रोज थोडे-थोडे काम केल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत शरीरात निश्चित बदल घडतात. रक्तातील द्रव वाढतो, त्यामुळे त्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, आणि विशेष म्हणजे त्यातील मीठ कमी होते; घर्मग्रंथी मीठ परत शोषून घेण्यास जणू शिकतात. ही कमाई टिकाऊ नसते. काही आठवडे गारव्यात घालविले की ती नाहीशी होते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. उष्ण जागी नव्याने कामास येणाऱ्या मजुरासाठी असा दंडक सांगितला जातो की, पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पंचमांशच द्यावा व रोज तितकाच वाढवावा. उष्माघाताला बळी पडणाऱ्या कामगारांत पहिल्या काही दिवसांतील नवख्यांचा भरणा मोठा असतो. वर्षभर कचेरीत बसून मेच्या सुट्टीत पहिल्याच दिवशी चार खड्डे खणण्याचा संकल्प करणारा गृहस्थ या नवख्यांतलाच होय, मग त्याची प्रकृती कितीही धडधाकट असो.

पाण्याविषयी तहानेवर विसंबणे पुरेसे नाही. तहान नेहमी थोडी उशिरा लागते. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम किती गेला हे जाणण्याचा सोपा उपाय म्हणजे कामापूर्वी व कामानंतर वजन करणे. मध्यंतरी काही खाल्ले-प्याले नसेल तर वजनातील एक किलोग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. मात्र नुसते पाणीच घटाघट पीत राहणेही धोक्याचे, कारण त्याने रक्तातील मीठ विरळ होते. कैरीचे पन्हे या बाबतीत उत्तम : त्यात पाणी, मीठ व साखर तिन्ही येतात. काशीत कैरी भाजून केलेले पन्हे उन्हाळ्यात घरोघर पितात, महाराष्ट्रात ती उकडून घेतात. गुण दोहोंचा सारखाच. मीठ घातलेले ताकही चालते. कपडे सैल, सुती व फिक्या रंगाचे असावेत. उघड्या अंगाने काम केल्यास गारवा वाटेल हा समज उन्हात खरा ठरत नाही, कारण कापड जेवढी वाफ अडविते त्याहून अधिक ऊन अडविते.

वृद्धांनी विशेष जपले पाहिजे. वयाबरोबर घाम कमी होतो, तहानेची जाणीव मंदावते आणि हृदयाला त्वचेकडे व स्नायूंकडे एकाच वेळी रक्त पुरविणे जड जाते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांत पाण्याची तूट लवकर पडते. त्यांनी खोदकाम दुसऱ्यावर सोपवून सावलीतील खुरपणी पत्करावी.

धोक्याची पहिली खूण म्हणजे स्नायूंत गोळे येणे. पुढे चक्कर, मळमळ, डोकेदुखी, फिकटलेली चिकट त्वचा ही लक्षणे दिसतात. या अवस्थेत काम सोडून सावलीत आडवे होणे व मीठ-साखरेचे पाणी घेणे बहुधा पुरते. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. शरीर ४० अंशांपलीकडे गेले म्हणजे मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते, आणि येथे मिनिटांचा हिशेब असतो. घाम थांबलाच पाहिजे अशी जुनी समजूत आहे. कष्ट करणाऱ्याच्या बाबतीत अंग घामाने भिजलेले असतानाही उष्माघात होतो. वैद्यकीय मदत बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे व जोराने वारा घालावा; शक्य असल्यास गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवून डोके सावरून धरावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये. ताप उतरविण्याच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही, कारण हा तापच नव्हे; तापात शरीर स्वतःच आपले तापमान चढवून घेते, येथे ते त्याच्या हातातून सुटलेले असते.

वैशाखात खणलेले खड्डे मृगाच्या सुमारास वरच्या थरातील माती व कुजलेले शेणखत यांनी भरून घ्यावयाचे असतात. तेव्हा ऊन ढगांनी झाकलेले असते, माती सैल असते आणि काम हलके वाटते. परंतु हवेतील बाष्प त्या आठवड्यांत झपाट्याने वाढते, ओला तापमापक कोरड्याला भिडू पाहतो, आणि मेमध्ये ज्या वेगाने फावडे चालविले तो वेग जूनच्या ढगाळ सकाळी शरीराला पेलत नाही. काशीत मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोहोचतो, कोकणात त्याच्या पंधरवडाभर आधी. खड्डे भरण्याचे दिवसही त्याप्रमाणे पुढे-मागे होतात. पहिला चांगला पाऊस पडून माती खाली बसल्यावर तीत कलम उभे करावे व भोवती आळे करून घ्यावे.